गोड्या पाण्याची बादली

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

स्वाती,

पोचले. तुला कळवायचं काही कारण नव्हतं, पण इथून पहिलं पत्र तुलाच लिहायचं हे भाईंदरहून निघतानाच ठरलं होतं. फोनवर तुला ब्लॉक केलंय, ते तसंच राहील. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. कागदावर तुला ते जमणार नाही.

मुंबई ते दुबई, दुबईत सहा तास खुर्चीवर, तिथून डब्लिन, मग अडीच तास बस. पहिल्या विमानात मी पट्टा सोडलाच नाही. शेजारच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अगं, उठलीस तरी चालतं." तेव्हा कळलं. हस. मला काही फरक पडत नाही.

बाबांनी बॅग आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणली होती. बावीस किलो. विमानतळावर पंचवीस भरली. भंगारवाल्याचा काटा कमीच दाखवणार, हे घरात एकालाही सुचलं नाही. बाबा काचेबाहेर उभे होते. तांदूळ आणि कुकर मी त्यांच्याकडे परत दिला, तेव्हा ते त्या कुकरलाच सॉरी म्हणत होते असं वाटलं.

आईने दिलेलं तूप डब्लिनला गेलं. कोणी विचारलं नव्हतं. मीच पाटी वाचली आणि बरणी काढून दाखवली. अधिकारी म्हणाला, "न सांगता गेल्या असतात तर मला कळलंही नसतं." आणि बरणी ठेवून घेतली. तू असतीस तर तूप आत आलं असतं. ही स्तुती नाही.

खोली तुझीच मिळाली. वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाला, समुद्राकडे खिडकी. नळावर चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं आहे: "डावीकडे गरम, सावकाश." मी ती नखाने सोलून टाकली. अर्ध्या तासाने हात भाजला. मग नवी पट्टी घेऊन तेच शब्द माझ्या अक्षरात लिहून लावले.

आता मुद्द्याचं. इथे मागच्या वर्षी माझं नाव होतं. आपल्या नर्सिंग कॉलेजमधून वर्षाला एकच मुलगी इथे तीन महिने शिकाऊ म्हणून येते. यादीत मी पहिली होते, तू प्रतीक्षेत. मग कॉलेजला निनावी पत्र गेलं की माझी जन्मतारीख खोटी आहे, मुलगी जूनमध्ये नाही, होळीच्या दिवशी जन्मली.

ते खरं आहे. आईला तारीख सांगता आली नाही, "होळीला झाली" एवढंच म्हणाली, म्हणून शाळेतल्या गुरुजींनी सगळ्यांची घालतात तशी १ जून घातली. कॉलेजमध्ये हे फक्त तुला माहीत होतं. १ जूनला तू केक आणलास, मला त्या केकची लाज वाटली, म्हणून मी सांगितलं की आज माझा वाढदिवस नाही. इतकंच कारण. एका केकपायी.

कॉलेजने बाबांना बोलावलं. क्लार्कने बिचाऱ्याने वाटही करून दिली. म्हणाला, "राघोकाका, ही दाखल्यावरची तारीख बरोबर आहे ना? हो म्हणा आणि सही करा." बाबा म्हणाले, "न्हाय साहेब. होळीला झाली."

झालं. प्रतिज्ञापत्रं, महापालिका, शाळा, परत महापालिका. वर्ष गेलं. या खोलीत तू राहिलीस.

हे पत्र आज टाकणार नाही. साठवणार आहे.

चांदणी


रविवार, १२ जानेवारी

स्वाती,

आधी दुरुस्ती. परवा लिहिलं की बाबा कुकरला सॉरी म्हणत होते. मला ऐकू आलं नव्हतं, काच होती. त्यांचे ओठ हलत होते, एवढंच खरं.

आता तुझा फोटो. मोठ्या बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर चौकटीत लावलाय. तू गुडघ्यांवर बसली आहेस, समोर प्लास्टिकचा टब, टबात एका आजोबांचे पाय. खाली छापलंय: "स्वातीची भेट. तिची आई आणि आजी भारतातल्या मिठागरांवर राबल्या. त्यांच्या घरची ही रीत."

मी ते तीनदा वाचलं. स्वाती, तुझी आई ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते. तुझी आजी सिल्व्हर पार्कच्या तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट बंद असेल तर खाली उतरत नाही. मिठागर तू पाहिलंस ते आमच्या ओट्यावरून, बोंबलाचं कालवण खाता खाता.

इथल्या उपक्रमांचं काम नोराबाई पाहतात. त्या नर्स नाहीत, पण सगळे त्यांचं ऐकतात. मनाने चांगल्या आहेत. मला म्हणाल्या, "तू स्वातीच्याच गावची ना? तुझी आई काय करते?"

मी म्हटलं, "मिठागरावर काम करते."

त्या हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळ्यांच्याच आया का गं?"

माझ्या आईबद्दल मी खरं बोलले आणि ते उष्टं ठरलं. हे तू केलंस. जागा घेतलीस त्याचा राग मी एक वर्ष सांभाळला, तो आता लहान वाटतोय.

काल शनिवार होता. शनिवारी "स्वातीचा टब" असतो. सहा टब मांडतात, कोमट पाणी, प्रत्येकात दोन मुठी जाडं मीठ. मधुमेहवाल्यांना वगळतात, बाकीचे हौसेने बसतात. मी टॉवेल घेऊन उभी होते आणि मला मनातून हसू फुटत होतं, कारण तू पकडली गेली होतीस आणि तिथे ते फक्त मला कळत होतं.

आमच्या दारात बादली असते ती तू बघितलीस. संध्याकाळी आई आली की आत पाऊल टाकायच्या आधी त्यात पाय धुते. तुला वाटलं मिठाच्या घरची बादली, म्हणजे मिठाचं पाणी. ते गोडं पाणी असतं, बाई! दिवसभर खाऱ्यात उभं राहून जिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात, ती घरी येऊन पुन्हा मिठात पाय घालेल? मीठ उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, म्हणून बादली दारात. मग पाय पुसायचे आणि करंजेल लावायचं. पाण्याची बोंब असायची तेव्हाही प्यायच्या हंड्याच्या आधी ती बादली भरायची. तू बादली बघितलीस. चव नाही घेतलीस.

मॉरीन नावाच्या आजी आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. काहीही विचारलं तरी "ग्रँड" म्हणतात, म्हणजे झकास. काल टबात पाय ठेवल्यावर त्यांची बोटं आत वळली. मी विचारलं, झोंबतंय का? म्हणाल्या, "ग्रँड."

चांदणी


रविवार, १९ जानेवारी

स्वाती,

दुरुस्ती: दोन मुठी नव्हे, तीन. काल मोजल्या.

या आठवड्यात एवढं घडलंय की कुठून सुरू करू! बुधवारी नोराबाईंनी मला चहाला बोलावलं. म्हणाल्या, "स्वातीने पदवीनंतर इथे कायमच्या नोकरीसाठी अर्ज केलाय. आम्हाला ती हवीच आहे. तू तिच्या कॉलेजची, शेजारच्या गावची. तिच्याबद्दल एक पानभर लिहून देशील? किती वर्षं ओळखतेस, ती कशी आहे, तिने स्वतःबद्दल जे लिहिलंय ते तुझ्या माहितीप्रमाणे खरं आहे का, एवढंच."

आणि तुझा अर्ज वाचायला दिला. दुसरा परिच्छेद: "मिठागरात राबणाऱ्या आईच्या पायांनी मला सेवा शिकवली."

मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. नोराबाई म्हणाल्या, "थंडी वाजतेय का?" मी हो म्हटलं. हे खोटं होतं. या महिन्यातलं पहिलं. लिहून ठेवते.

बघ कसं फिरलं. मागच्या वर्षी तू माझ्याबद्दल एक पान लिहिलंस, नाव न घालता. यंदा मला पान मागितलंय आणि खाली माझं नाव असणार. मी एक शब्दही वाढवून लिहिणार नाही. तुला वाईट दिसायला वाढवायची गरजच नाही.

आईशी बोलले. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. तोच कुकर. म्हणाली, "तुजी मैतरीन आलेली. संक्रातीचा तिलगूल घिऊन."

"तू घेतलास?"

"मंग काय दारातून हाकलू? पोर हाय."

"काय म्हणत होती?"

"काय न्हाय. बसली घटकाभर. चांदनीचा राग गेला का, इचारत व्हती."

"मग?"

"मी बोलले, ती माज्यावर गेली हाय. जानार न्हाय."

स्वाती, माझ्या आईकडे जाऊ नकोस. तिथून तू एकदा नेलंस तेवढं पुरे झालं.

पान मी लगेच लिहीत नाहीये. नोराबाईंना म्हटलं महिनाअखेर देते. नुसतं "ती खोटं बोलली" म्हटलं तर इथे तुझ्यावर एवढा जीव की कोणी ऐकणार नाही. मलाच जळकी म्हणतील. रीतच खोटी आहे आणि अपायाची आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून वही केलीय. तारीख, किती मीठ, किती मिनिटं, कोणाला काय झालं. फोटोही काढतेय. मिठाचे, टबांचे.

मॉरीनआजी काल पुन्हा "ग्रँड" म्हणाल्या. त्यांच्याबद्दल जास्त लिहायला आज जागा नाही.

चांदणी


रविवार, २६ जानेवारी

स्वाती,

आज थोडंच लिहिते. काल तिसरा शनिवार झाला. वही नीट चाललीय.

दुरुस्ती: फोटो टबांचे असं लिहिलं होतं. पायांचेही आहेत. न विचारता काढलेत.

मॉरीनआजींची डावी टाच उललीय. थोडीशी. त्या वयात थंडीने उलतेच. टबानंतर मी मोजे घातले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझी आई मिठावर काम करते म्हणालीस ना? तिला शनिवारी सुट्टी असते का गं?"

मी म्हटलं, "नाही. सीझनमध्ये नसते."

"बिचारी," म्हणाल्या.

या एकट्या बाईने माझं खरं मानलं होतं. पुढचा शनिवार आला की पान देऊन टाकीन. अजून एक फोटो हवा होता.

चांदणी


गुरुवार, ३० जानेवारी

स्वाती,

दुरुस्ती. "थोडीशी" हा शब्द खोटा होता. थंडीचं कारणही. मला शनिवारीच माहीत होतं.

मंगळवारी सकाळी मॉरीनआजींना उठवायला गेले. डावा मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. कोमट पाण्याने भिजवून सोडवला तर भेग आतपर्यंत उघडली होती, कडा लाल, घोटा गरम. ताप एकशे दोन. मी त्यांना विचारलं, "आजी, दुखतंय ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा "ग्रँड" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "स्वातीने इतकं प्रेमाने सुरू केलं होतं. मला वाटलं, मी तक्रार केली तर तुमच्या आयांना वाईट वाटेल."

तुमच्या आयांना. म्हणजे माझ्या आईला. त्या बाई वर्षभर मिठात पाय घालून बसल्या, कारण त्यांना वाटायचं माझ्या आईचा मान राखतोय.

मी धावत जाऊन नर्सना बोलावलं. डॉक्टर आले, औषधं सुरू झाली. आज ताप उतरलाय. पाय राहील म्हणाले. हे आधी लिहायला हवं होतं. पाय राहील.

मंगळवारी दुपारी नोराबाईंच्या खोलीत मी सगळं सांगितलं. बादली, गोडं पाणी, करंजेल, तुझी खरी आई, माझी आई. वही समोर ठेवली. त्या वाचत गेल्या तशा फिक्या पडल्या. उठून गेल्या आणि शेकोटीवरची चौकट स्वतः उतरवून आणली. काच खाली करून टेबलावर ठेवली. गेलं वर्षभर मी जे जे मागितलं होतं ते त्या क्षणी मिळालं. मला वाटलं होतं त्या वेळी गार वाटेल.

मग त्यांनी वहीवरची तारीख पाहिली.

"चांदणी," म्हणाल्या, "हे तुला कधी कळलं?"

वाट करून दिली होती त्यांनी. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना "आजच" हे उत्तर हवंय. एक शब्द म्हटला असता तर मी मॉरीनला वाचवणारी मुलगी आणि तू तिला दुखावणारी. वहीची पहिली दोन पानं फाडायचंही सोमवारी मनात आलं होतं. हेही लिहून ठेवते.

मला कॉलेजचा तो क्लार्क आठवला. पेन पुढे करून बसलेला.

मी म्हटलं, "पहिल्याच शनिवारी. अकरा तारखेला."

"आणि तू नर्सिंग शिकतेस."

"हो."

"तीन शनिवार तू टॉवेल घेऊन उभी होतीस."

"हो."

त्यांनी वही मिटून स्वतःकडे ओढली. नंतर म्हणाल्या, "लिहून दे. सगळं."

काल लिहून दिलं. चार पानं. प्रत सोबत जोडतेय. तुझ्याबद्दल एकच परिच्छेद आहे: मी हिला चार वर्षं ओळखते, अभ्यासात हुशार आहे, रुग्णांशी गोड बोलते, मिठागर हिचं नाही, आणि तिथली रीत तिने विचारून घेतली नाही. निनावी पत्राचं लिहिलं नाही. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, फक्त खात्री आहे. त्या चार पानांत तुझं नाव एकदा आलंय. माझं तीनदा, प्रत्येक शनिवारला एकदा.

तुझा अर्ज त्यांनी बंद केला. माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. कदाचित परत पाठवतील. कदाचित कॉलेजला कळवतील आणि पदवीही अडकेल. बाबांना अजून सांगितलं नाही. सांगेन. ते म्हणतील, "बराबर बोललीस." आणि मग चप्पल घालून कुठे तरी निघून जातील.

तुला वाटेल की आता मी तुला माफ केलं असेल. नाही केलं. तू माझ्या आईचे पाय वापरलेस. तुला पाडायला मी मॉरीनचे वापरले. हे साम्य मला सहन होत नाही आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढणार आहे. माझा तेवढा हक्क आहे.

म्हणून शेवटचं काम. पाचही पत्रं एकत्र पाठवतेय, जबाबाची प्रतही. आईला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. बाबांची काशीमीऱ्याला गोदामावर दिवसाची ड्यूटी असते. आईला फोनवर सांगून ठेवलंय की माझं पाकीट स्वातीकडे येईल, ती येऊन वाचून दाखवेल. ती म्हणाली, "येऊ दे. शिकलेली हाय, बेस वाचंल."

सगळं वाचायचं. केक, निनावी पत्र, चौकट, तुझा अर्ज, मॉरीनची टाच. माझी खोटी वाक्यंसुद्धा, आणि दुरुस्त्याही. मधलं गाळायचं नाही. किती कागद आहेत ते मी आईला सांगितलंय. अक्षर कळत नसलं तरी मोजणं तिला कळतं, मिठाच्या पाट्या मोजण्यात तिचा जन्म गेलाय. एकेक कागद वाचून झाला की ती मांडीवर ठेवेल, आणि शेवटी विचारेल.

संध्याकाळी जा, ती कामावरून आल्यावर. दारात बादली असेल. आत जायच्या आधी ती तुला पाय धुवायला सांगेल, सगळ्यांनाच सांगते.

त्या आधी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघ.

चांदणी